सूट दिला, सूट दिली

“मामा, जरा हात पुढं करा,” कैलासराव म्हणाले, आणि दादांनी दोन्ही हात पुढं केले.

दादांना वाटलं, जावई हातात काहीतरी देतोय. त्यांनी ओंजळच केली होती. कैलासरावांनी अंगातला कोट उतरवला, त्या ओंजळीवर टाकला आणि पुन्हा आरशाकडं वळले. त्यावर दुसरा कोट पडला, मग चॉकलेटी रंगाचा, मग कॉलरला मखमल लावलेला एक. दुकानातला विक्रेता, ज्याचं ते कामच होतं, गळ्यात टेप अडकवून मोकळ्या हातांनी शेजारी उभा. आणि माझे वडील हनुवटीपर्यंत कोट घेऊन खुंटीसारखे उभे. वर हसत होते.

मला त्या हसण्याची शिसारी आली. इतकी वर्षं झाली, पण अजून आठवलं की येते.

तो माझ्या लग्नाच्या बस्त्याचा दिवस होता. लग्न पंधरवड्यावर आलेलं, पत्रिका वाटून झालेल्या. नगरच्या कापड बाजारातलं दुमजली दुकान; खाली साड्या, वर पुरुषांचे कपडे. आमच्याकडं बस्त्याला दोन्हीकडची माणसं मिळून जातात. नवरीचा शालू नवऱ्याकडच्यांनी घ्यायचा आणि नवरदेवाचा सूट नवरीकडच्यांनी. माझा शालू चहा यायच्या आत घेऊन झाला होता. कैलासरावांच्या आईनं गठ्ठ्यातला एक ओढला, “हिला काय, उजळ आहे, काहीही खुलतंय,” म्हणाल्या, आणि तो पिशवीत गेलासुद्धा. मला त्याचा पदर उलगडून बघायचा होता. तेवढ्यात वरून निरोप आला, नवरदेवाच्या सुटाला नवरीची पसंती हवी, तिला पाठवा. आई खाली आहेराच्या साड्या मोजत बसली आणि मी जिना चढून वर गेले.

वर पुरुषच होते. कैलासराव, त्यांचे वडील तात्यासाहेब खर्डे, माझे दादा आणि सोपानकाका. सोपानकाका म्हणजे दादांचे चुलतभाऊ. हे स्थळ त्यांनीच आणलेलं. मुलगा बँकेत, बाप साखर कारखान्यावरून मोठ्या हुद्द्यानं निवृत्त झालेला, दाराशी जीप. असं स्थळ आमच्या वर्प्यांच्या घरात पूर्वी कधी आलं नव्हतं, हे मला काकांनी, आईनं, शेजारणीनं, सगळ्यांनी आलटून पालटून ऐकवलं होतं. मी डी.एड. करून घरी बसलेली. मुलगा पसंत आहे का, असं मात्र मला कुणी विचारलं नव्हतं. आमच्यात पसंती मुलाची असते. मुलीची पसंती सुटाच्या रंगापुरती, तीही विचारली तर.

दादा गावच्या दूध संस्थेत मापाडी होते. लोकांच्या किटल्यांतलं दूध मापून घ्यायचं, फॅट काढायची, कॅन भरून टेम्पोत चढवायचे. त्या दुधाचा आंबूस वास त्यांच्या कपड्यांतून कधी जायचा नाही. आई कपडे सोड्यात उकळायची, उन्हात दिवसदिवस ठेवायची, तरी थोडा राहायचाच. आम्हाला घरात तो जाणवतही नसे. त्या दिवशी मात्र काकांनी आदल्या संध्याकाळीच येऊन बजावलं होतं, “मोठी मानसं हायेत ती, जरा टापटिपीत या.” म्हणून दादा वासाच्या साबणानं दोनदा अंघोळ करून, नवा नेहरू शर्ट आणि पायजमा घालून, कानात अत्तराचा बोळा खोचून आले होते. तो बोळा बघूनच मला सकाळी कसंतरी झालं होतं.

आणि तो विनोद. तो आधी सांगायलाच हवा.

सुपारी फुटली त्या दिवशी आमच्या ओसरीवर बैठक बसली होती. मानपानाचं बोलणं चाललेलं. खर्ड्यांच्या मागण्या संपेनात, तेव्हा दादा हात जोडून म्हणाले, “तात्यासाहेब, मानपानात आमाला थोडी सूट द्या.”

तात्यासाहेबांनी मांडीवर थाप मारली. “अहो पाव्हणं, सूट आम्ही कशाला देऊ? सूट तर तुम्ही द्यायचा! नवरदेवाला एक, मला एक, आणि आमच्या जावयाला एक.”

बैठक खो खो हसली. दादांना विनोद कळायला जरा वेळ लागला. मग तेही हसले, आणि त्या हसण्यातच तीन सूट कबूल होऊन गेले. मी आतल्या दाराआड उभी होते. आता मी शिक्षिका आहे; शाळेत आम्ही मुलांना लिंग बदला म्हणून शिकवतो. इथं एका शब्दाचं लिंग बदललं आणि माझ्या बापानं मागितलेली गोष्ट त्याच्याच गळ्यात पडली.

तात्यासाहेबांना हा विनोद इतका आवडला, की त्यांनी तो नंतर कुणाला सांगायचा ठेवला नाही. त्या दिवशी दुकानाच्या पायरीवरच त्यांनी मालकाला गाठलं. “आज व्याही आम्हाला सूट देणार आहेत बरं का. देणार आहेत म्हणजे, देणार आहेत!” मालक गिऱ्हाइकाला हसावं लागतं तसा हसला. दादाही हसले.

तर कैलासराव सूट निवडत होते.

ते अंगानं भरलेले होते. त्यात वाईट काही नाही, पण ते त्यांना मान्य नव्हतं. कॉलेजात असताना जो नंबर बसायचा तोच त्यांना हवा होता. विक्रेत्यानं अदबीनं सांगून बघितलं.

“साहेब, एक नंबर वरचा काढू का? खांद्यावर बसला की कोट बसला. पोटाचं मागून करून घेता येतं.”

“नंबर हाच. मला फिटिंग पाहिजे. झोळ नको.”

मग श्वास ओढून बटण लावायचं, आरशात एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून बघायचं, आणि श्वास सोडला की चिडून कोट काढायचा. काढला की दादांच्या हातावर. मधेच खिशातून कंगवा काढून केस विंचरायचे आणि कंगव्यात अडकलेले केस फुंकून टाकायचे. ते केस दादांच्या हातांवरच्या कोटांवर पडत होते. दादांचे हात मोकळे नव्हते, म्हणून ते मान खाली घालून फुंकर मारून उडवत होते. बँकेत नोकरी असलेला माणूस, गालात गुटखा, आणि बोलताना लाळ सांडू नये म्हणून हनुवटी वर. याच्याशेजारी मला जन्म काढायचा होता. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

“कसा वाटतो?” त्यांनी आरशातूनच मला विचारलं. अंगात मखमली कॉलरचा कोट पुन्हा चढवलेला होता.

“काखेत ताणतोय,” मी म्हणाले. “मोकळा घेतला तर बरा दिसेल.”

“फिटिंग असंच असतं.” ते आरशातल्या स्वतःशी हसले. “तुम्हा लोकांना ढगळ घालायची सवय. आता सवय बदलायला लागेल.”

सोपानकाकांनी माझ्याकडं डोळे मोठे केले. तात्यासाहेब खुर्चीत पाय पसरून थंड पीत होते. त्यांचा स्वतःचा आणि जावयाचा सूट केव्हाच बांधून झाला होता. सगळ्यात चांगल्या कापडाचे, बटणं बघून, अस्तर बघून घेतलेले. आता त्यांना घाई नव्हती.

शेवटी विक्रेत्यानं आतून एक राखाडी सूट आणला. बारीक रेघा, त्याही जवळ गेल्याशिवाय दिसणार नाहीत अशा. कापड हातात घेतलं की जड लागे आणि सोडलं की सुरकुती न पडता खाली पडे. इतका चांगला कोट मी तोवर बघितला नव्हता. कैलासरावांनाही तो आवडला, कारण ते पहिल्यांदा काही न बोलता त्याच्याकडं बघत राहिले. घातला. बटण अर्ध्यावर येऊन थांबलं.

“कट चांगला आहे,” ते म्हणाले. “पण मागनं कसा दिसतो ते कळत नाही. तुमच्याकडं एकच आरसा कसा?”

“एकच आहे साहेब.”

कैलासरावांनी खोलीत नजर फिरवली आणि ती दादांवर थांबली. “मामा, तुम्ही माझ्याएवढेच उंच आहात. जरा घालून उभे राहा. मला लांबून बघू द्या.”

“मी?” दादा म्हणाले. “मी कशाला? मळल तो.”

“अहो, घाला. बघायचंच आहे फक्त.”

विक्रेत्यानं दादांच्या हातातले कोट उचलून बाजूला ठेवले. दादांनी हात पायजम्याला पुसले, कोरडे असूनही. मग एखादं दुखरं जनावर धरावं तसा त्यांनी तो कोट धरला आणि नेहरू शर्टावर चढवला. विक्रेत्यानं सवयीनं मागून खांदे सारखे केले, पुढून बटण लावलं.

तो कोट दादांना बसला.

नुसता अंगात गेला असं नव्हे. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर आली. बाही मनगटाशी थांबली. जन्मभर दुधाचे कॅन उचलून दादांची छाती आणि खांदे कसे झालेत, हे आम्ही कधी बघितलंच नव्हतं, कारण ते कायम वाकलेले किंवा हात जोडलेले असत. त्या कोटात वाकता येत नव्हतं. ते सरळ उभे राहिले. खाली पायजमा, पायात वहाणा, कानात तो मेला बोळा, आणि तरी आरशात एक रुबाबदार माणूस उभा होता. कैलासराव जो नंबर स्वतःचा म्हणून धरून बसले होते, तो माझ्या वडिलांचा नंबर होता.

मग तात्यासाहेब खुर्चीतून म्हणाले, “व्वा. पाव्हणं, तुमचंच लावून देऊ का दुसरं?”

सोपानकाका हसले. विक्रेता हसला. दादांनी आरशात स्वतःला बघितलं होतं, ते आधी लाजले आणि मग नेहमीसारखे हसले. कैलासराव हसले नाहीत. ते दादांच्या मागं गेले, पाठीवरची शिवण बोटानं बघितली, कॉलर बघायला वाकले, आणि चेहरा वेडावाकडा करून मागं झाले.

“शी.” त्यांनी नाकासमोर हात हलवला. “काढा मामा, काढा. सगळा वास लागला. नासल्या दुधाचा.” आणि विक्रेत्याकडं वळून, “याचाच दुसरा पीस आणा. फोडलेला नको.”

“या नंबरात एकच आहे साहेब.”

“मग एक नंबर वरचा आणा,” कैलासराव म्हणाले. इतका वेळ जे मानत नव्हते ते आता मानलं, कुठल्या कारणानं ते सगळ्यांना दिसत होतं.

तात्यासाहेबांनी थंडाची बाटली खाली ठेवली. “आणि हा? घामेजलेला कोट दुकानदार काय परत ठेवणारे का? हाही व्याह्यांच्याच नावावर लावा. गोठ्यात जाताना घालतील.” मग त्यांना त्यांचा विनोद सापडला. “घ्या, सूट द्यायला आले आणि सूट घेऊन चालले!”

दादा अजून हसतच होते. हसत हसत बटण काढायला लागले होते. नव्या काजात बटण घट्ट बसलं होतं, म्हणून निघत नव्हतं. कैलासराव विक्रेत्यानं आणलेला वरच्या नंबराचा कोट अंगात चढवून, नाकाला रुमाल लावून उभे. त्या रुमालाची किळस आली, त्या गुटख्याची आली, गालातल्या गालात हसणाऱ्या काकांची आली. पण सगळ्यात जास्त, माझ्या बापाच्या तोंडावर चिकटून राहिलेल्या त्या हसण्याची आली. हे हसणं मी आंदण म्हणून बरोबर नेणार होते. खर्ड्यांच्या घरात रोज मलाही असंच हसायला लागणार होतं.

“दादा,” मी म्हणाले, “कोट काढू नका.”

माझा आवाज वाटला त्यापेक्षा मोठा आला. विक्रेता कोटांच्या घड्या घालता घालता थांबला.

“वैजू, खाली जा,” सोपानकाका दबक्या आवाजात म्हणाले. “बायांत जाऊन बस.”

“जात नाही. दादा, तो तुम्हाला बसलाय. काढू नका.”

“पाव्हणं,” तात्यासाहेब म्हणाले, “पोरगी लई बोलती का हो? बैठकीत तर गरीब गाय म्हणून सांगितली होती.”

दादांचा हात बटणावरच राहिला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग आरशात बघितलं. आरशात ते मला पुढून दिसत होते. ओठांवरचं हसू हळूहळू उतरलं आणि मागं जे तोंड राहिलं ते मी फार दिवसांनी बघत होते. संस्थेत कुणी दुधात पाणी घालून आणलं की ते असं तोंड करायचे आणि काही न बोलता किटली परत सरकवायचे.

“वैजू,” ते आरशातूनच म्हणाले, “तुला ह्यो मुलगा पसंत हाये का?”

“अहो, ही काय विचारायची जागा झाली?” काका पुढं आले. “पत्रिका वाटल्यात. तुमी कोट काढा आधी.”

“सोपान, थांब. मी तिला इचारतोय.”

मला वाटलं होतं, हा प्रश्न कधी कुणी विचारला तर मी रडेन. रडू आलं नाही. “नाही,” मी म्हणाले. “नाही पसंत.”

दादांनी मान हलवली. अर्धवट निघालेलं बटण त्यांनी पुन्हा काजात घातलं, कोट खालून ओढून सारखा केला आणि तात्यासाहेबांकडं वळले.

“तात्यासाहेब, बैठकीत सूट द्यायचा ठरला व्हता.”

“ठरलंच आहे. त्यात आता काय नवीन?”

“तर मी सूट दिली.”

“दिला म्हणा, दिला,” तात्यासाहेब सवयीनं हसले.

“दिला न्हाई. दिली.” दादांचा आवाज चढला नव्हता. माप सांगताना असायचा तसा होता. “तुमाला दिली, कैलासरावांना दिली, तुमच्या जावयाला दिली. ह्या लग्नातनं समद्यांना सूट दिली. आता जावा.”

तात्यासाहेबांना विनोद कळायला जरा वेळ लागला.

मग जे व्हायचं ते झालं. तात्यासाहेब उठून ओरडायला लागले, दूध मोजणाऱ्यांनी आम्हाला शिकवायचं का, जिल्ह्यात तोंड दाखवू देणार नाही, पोरगी घरात सडेल. कैलासराव अंगातला नवा कोट काढायचा विसरून तसेच उभे राहिले. तो एक नंबर वरचा होता आणि त्यांना चांगला बसला होता. सोपानकाका एकदा तात्यासाहेबांचे हात धरत होते, एकदा दादांचे. आवाज ऐकून बायका वर आल्या. कैलासरावांच्या आईनं काही विचारायच्या आधी माझ्या आईच्या हातातली शालूची पिशवी ओढून घेतली. त्या शालूचा पदर कसा होता ते मला आजपर्यंत माहीत नाही.

दादांनी खर्ड्यांच्या दोन सुटांचे पैसे दिले नाहीत. राखाडी सुटाचे दिले. विक्रेत्यानं पँट कागदात बांधून दिली आणि कोटाला हात पुढं केला, तेव्हा दादा म्हणाले, “राहू द्या अंगातच.”

भर उन्हात आम्ही कापड बाजारातून स्टँडपर्यंत चालत गेलो. पुढं दादा, पायजम्यावर कोट घातलेले. लोक वळून बघत होते. काही हसलेही. दादा कुणाकडं बघून हसले नाहीत. मागं आई, डोळ्याला पदर लावून. “गावाला काय सांगायचं,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. “आता हिला कोन करनार? एका कोटापायी?” सोपानकाका आमच्याबरोबर आलेच नाहीत. ते खर्ड्यांच्या जीपमागं माफी मागत गेले होते.

स्टँडवर गाडीला वेळ होता. आई पाणी प्यायला उठली. दादा बाकावर बसले होते, कपाळावरून घाम ओघळत होता, अत्तराचा बोळा कुठंतरी पडला होता. थोड्या वेळानं त्यांनी कोट काढला, घडी करून मांडीवर ठेवला आणि कापडावरून तळहात फिरवत राहिले. मला वाटलं, आता त्यांना पस्तावा होतोय. आता ते म्हणतील, चल, परत जाऊन पाया पडू.

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. कोटाची कॉलर उचलून नाकाशी नेली. हुंगली, पुन्हा हुंगली, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, “वैजू, खरंच येतो का गं वास?”

मी कोट त्यांच्या हातातून घेतला. नाकाला लावला. वर नव्या कापडाचा आणि डांबरगोळ्यांचा वास होता. खाली, कॉलरच्या आतल्या शिवणीत, आंबूस दुधाचा होता. मला नाही म्हणता आलं असतं. पण त्या दिवशी खोटं हसून बोललेलं मी फार ऐकलं होतं.

“येतो,” मी म्हणाले. “पण आता कोट तुमचा आहे.”

दादांनी तो परत घेतला आणि गाडी लागेपर्यंत अंगात घालून बसले.